हाक एकीला, उतरायचं सगळ्यांनी

आवळगडच्या विद्यापीठात नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, पण रिक्षावाल्याला नुसतं 'पागा' म्हटलं की तो बरोबर तिथे आणून सोडतो. काळ्या दगडाची दुमजली इमारत, खाली कमानी, वर लाकडी गॅलरी. भिंतींत घोडे बांधायच्या जाड लोखंडी कड्या अजून आहेत. त्यांना दोऱ्या बांधून मुली कपडे वाळत घालतात. मधोमध अठरा पायऱ्यांचा दगडी जिना.

पहिल्यांदा येणारा माणूस इथे एका गोष्टीने हमखास गोंधळतो. एखादा बाप लाडवांचा डबा घेऊन फाटकाशी येतो, लेकीचं नाव सांगतो. फाटकावरची बाई ते नाव मोठ्याने पुकारते. आणि जिन्यावरून एक मुलगी उतरत नाही, साठ-सत्तर उतरतात. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या केसांना टॉवेल, कुणी पुस्तकात बोट घालून. बाप म्हणतो, "अहो, मी एकटीलाच बोलावलं होतं."

मग धुरपदामावशी त्याला कट्ट्यावर बसवून घेतात. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या मेसमध्ये भाकऱ्या थापल्या. आता हात चालत नाहीत, पण कट्टा सोडलेला नाही. "बसा दादा," त्या म्हणतात, "हे असं का, ते ऐकून मगच जा." त्या जे सांगतात, ते त्यांना त्यांच्या आधी इथली चूल सांभाळणाऱ्या ठकूआत्याने सांगितलं. ठकूआत्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, असं म्हणतात.

आवळगड तेव्हा जहागिरीचं गाव होतं. संस्थानं खालसा व्हायला चार-पाच वर्षं अवकाश होता. जहागीरदारांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणात गेली. तीन दिवस अडली होती, आणि तिच्या अंगाला हात लावणारं जाणतं बाईमाणूस पंचक्रोशीत मिळालं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी राणीसाहेबांनी पागेतले घोडे बाहेर काढायला लावले, असं सांगतात. रिकामी पागा त्यांनी दवाखान्याला दिली, नर्सिंग शिकायला येतील त्या मुलींना राहण्यासाठी. घोड्यांच्या ठाणांमध्ये भिंती घालून खोल्या झाल्या. वर खोगिरं ठेवायची जागा होती, तिथे खाटा पडल्या.

जागा झाली, पण मुली येईनात. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, त्याचं हगणं-मुतणं काढायचं, हे काम घरंदाज बाई करत नाही, असं लोक उघड बोलत. पहिल्या वर्षी आठ जणी आल्या, पुढची दोन वर्षं नववी आलीच नाही. आठही अशा, की ज्यांना दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती. त्यांना शिकवायला नगरकडून सालोमी भिंगारदिवे नावाच्या सिस्टर आल्या. उंच, सावळ्या, बोलायला कमी. मुलींना त्या आधी हात धुवायला शिकवत आणि मग बाकीचं सगळं.

त्या आठांत मंजुळा होती. तिची आई कासारीण. डोक्यावर बांगड्यांची दुरडी घेऊन गावोगाव फिरायची. बाप नाही, भाऊ नाही. मंजुळा वीस वर्षांची, अंगाने बारीक, पण हाताची घट्ट. आईबरोबर हजारो हातांत बांगड्या भरल्या होत्या तिने. तिच्या शेजारच्या खाटेवर हौसा असायची. हौसा डोंगरपट्टीतल्या एका बऱ्या घरातली. सोळाव्या वर्षी विधवा झाली, पोटात मूल होतं. ती याच दवाखान्यात अडली. मूल वाचलं नाही, ती वाचली. उठून बसायला लागली तेव्हा सालोमीबाईंनी तिला विचारलं, "घरी पाठवू का इथं शिकतेस?" हौसा म्हणाली, "घरी गेले तर मला एक कोपरा हाय. हितं खाट हाय." आणि राहिली.

दोन वर्षं तिच्या घरून चिटपाखरू आलं नाही. आलं ते श्रावणात, पंचमीच्या आदल्या दिवशी.

दुपारची वेळ होती. वरच्या गॅलरीत मंजुळा हौसाची वेणी घालत होती. खालून हाक आली, "हौसे! मी आलोय गं, भिवाजी. पंचमीला न्यायला आलोय."

हौसाचा थोरला भाऊ. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्याला पटका, काखेत नव्या लुगड्याची घडी. दोघींनी गॅलरीतून वाकून पाहिलं. हौसाचा चेहरा कसा झाला ते मंजुळाला जन्मभर आठवत राहिलं. हसायला आलेलं आणि हसायचं की नाही ते कळेना, असा.

"मुराळी आला की गं तुला," मंजुळा म्हणाली.

"दोन वर्सांत आला न्हाय. आज कसा?" हौसाने तिचा हात धरला. "मंजे, चलतेस का खाली माझ्यासंगं?"

"तुझा भाऊ, मी कशाला मधी? जा तू. बोल पोटभर."

तिने वेणीला घाईघाईने शेवटची गाठ मारली आणि हौसा एकटी अठरा पायऱ्या उतरून गेली.

मंजुळा वरून बघत होती. भिवाजीने लुगड्याची घडी पुढे केली. हौसाने ती घ्यायला दोन्ही हात पसरले. त्या लुगड्यात कोयता होता.

पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. ती ओरडली नाही, नुसतं "दादा" म्हणाली, असं मंजुळाकडून ऐकलेलं ठकूआत्या सांगायची. ती मागे वळून जिन्याकडे धावली, दोन पायऱ्या चढली. तिसरीवर त्याने तिला वेणीला धरून मागे ओढलं आणि मानेवर दुसरा घाव घातला. मग तिसरा. "माझ्या लेकीचं लगीन मोडलं तुझ्या ह्या कामापायी," असं तो एकसारखं म्हणत होता, अगदी हळू, जसं काही तिला समजावून सांगतोय. मंजुळा किंचाळत जिन्यावरून खाली येईपर्यंत तो फाटकाबाहेर पडला होता. लुगडं तिथेच पडलं होतं, हिरवं, इरकली काठाचं.

मंजुळाने हौसाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मानेवर पदर दाबला. दोन्ही हातांनी, होता तेवढा जोर लावून दाबला. बोटांमधून रक्त येतच राहिलं. सालोमीबाई दवाखान्यातून धावत आल्या तेव्हा हौसाचे डोळे उघडेच होते.

घरून प्रेत न्यायला कुणी आलं नाही. गावातले पुरुषही तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले नाहीत. कुणाला भिवाजीच्या भावकीची भीती, कुणाला विटाळ. तेव्हा सात मुलींनी आणि सालोमीबाईंनी तिला उचललं. बायका स्मशानात जाताना आवळगडने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं म्हणे. दुकानदार दारं लोटून आत बसले. अग्नी मंजुळाने दिला.

परत आल्यावर मंजुळा त्या तिसऱ्या पायरीवर बसली ती उठेना. सालोमीबाई शेजारी बसल्या. "बाई, कुठं दाबायला हवं होतं?" तिने विचारलं.

"तिथं दाबायला जागा नसते, मुली."

"ती म्हणली होती, चल माझ्यासंगं. मी गेले न्हाय."

सालोमीबाईंनी तिला समजावलं नाही, उगी उगी म्हटलं नाही. त्यांनी बाकीच्या सहाही जणींना हाक मारून तिथेच बसवलं आणि म्हणाल्या, "आजपासून या फाटकावर कुणाचंही नाव पुकारलं, तरी खाली उतरायचं सगळ्यांनी. बाप असो, भाऊ असो, देव असो. जिला हे जमणार नाही तिनं आत्ता सांगावं." सातही जणींनी त्या ओल्या दगडावर हात ठेवले. तो या जागेचा नवस, असं मावशी म्हणतात.

नवस बोलणं सोपं असतं. त्याच आठवड्यात दोघींच्या घरची माणसं येऊन त्यांना घेऊन गेली. उरल्या पाच. फौजदाराने पंचनामा केला, मंजुळाची जबानी घेतली. खून होताना पाहणारी ती एकटीच. "हा सापडला की तुझ्या साक्षीवर फासावर जाईल," फौजदार म्हणाला. पण भिवाजी सापडेना. तो डोंगरात लपला होता, भावकीतली माणसं त्याला भाकरी पोचवत होती. महिनाभर पागेच्या फाटकावर शिपाई होता, मग तोही उठला.

पाच महिने रानात काढल्यावर भिवाजी विटला. त्याला आपल्या घरी, आपल्या शेतात यायचं होतं. बघणारी नसेल तर बोलणारी कोण, असा त्याने हिशेब केला. जबानीतलं नाव गावभर झालं होतं. त्याला नाव माहीत होतं, तोंड माहीत नव्हतं.

पौषात, संक्रांतीला चार दिवस असताना तो आला, भर दुपारी. त्या दिवशी दवाखान्याचे डॉक्टर कंपाउंडरला घेऊन जत्रेच्या गावी देवीच्या लसी टोचायला गेले होते, ही माहिती त्याने आधीच काढली असणार. संगती दोन चुलतभाऊ होते, हातात काठ्या.

"मंजुळा कोण हाय?" फाटकातून आवाज आला. "तुझ्या आयेचा निरोप हाय. पडलीया ती, घरला बोलावलंय."

मंजुळा वर पट्ट्या गुंडाळत होती. आवाज तिने लगेच ओळखला. ठकू, हीच पुढे ठकूआत्या झाली, समोर बसली होती, सुंदरा खिडकीशी. बाकीच्या दोघी आत झोपल्या होत्या. मंजुळाने कुणाकडे पाहिलं नाही. तिला कुणाला विचारायचं नव्हतं. श्रावणात हौसाने तिला विचारलं होतं आणि ती गेली नव्हती. आता आपण कुठल्या तोंडाने विचारायचं, असं तिला वाटलं. आपण गेलो नाही तर ही माणसं वर येतील, एवढं तिला समजत होतं. ती उठली आणि जिन्याकडे निघाली.

चौथ्या पायरीवर तिला मागे पावलं वाजलेली ऐकू आली. ठकू होती. मग सुंदरा. मग झोपेतून उठलेल्या दोघी, एकीचा पदरही नीट नव्हता. ठकूने तिला दंडाला धरून मागे सारलं आणि स्वतः पुढे झाली. पाची जणी खाली येऊन जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पाचींची पांढरी लुगडी सारखी, पाची जणींची डोकी झाकलेली.

भिवाजी आत आला होता. कोयता त्याने या वेळी लपवलाही नव्हता. "तुमच्यात मंजुळा कोण?"

पाची जणी एकमेकींना आणखी चिकटून उभ्या राहिल्या.

"बाकीच्यांशी माझं वैर न्हाय. तिनं तेवढं म्होरं यावं."

सालोमीबाई दवाखान्याच्या दारातून चालत आल्या आणि मुलींच्या पुढे उभ्या राहिल्या. "आजारी कुणी असेल तर दाखवा," त्या म्हणाल्या. "नसेल तर इथं तुमचं काम नाही."

एका चुलतभावाने काठी फिरवली. ती त्यांच्या कपाळावर, डाव्या डोळ्याच्या वर बसली. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. त्या गुडघ्यावर आल्या, तरी हात पसरून तशाच राहिल्या. दुसरा फटका बसला तेव्हा आडव्या झाल्या. भिवाजी त्यांना ओलांडून पुढे आला आणि त्याने समोरच्या पहिल्या मुलीवर कोयता उगारला. ती ठकू होती. तिने दोन्ही हातांनी पातं धरलं. त्याने हिसका दिला, तिची दोन बोटं फरशीवर पडली. तरी तिने दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं ते सोडलं नाही. काठीवाल्यांनी सुंदराला हाणलं, तिचा हात कोपरातून मोडला. ती मोडलेला हात पोटाशी धरून परत जागेवर येऊन उभी राहिली.

पागेच्या थोरल्या दाराला आतून आडवी घालायची जुनी आगळ होती, बाभळीची, दोन माणसांना उचलायला जड. मंजुळाने ती एका टोकाला धरली. उरलेल्या दोघींनी मागून धरली. तिघी तशाच धावल्या. आगळ भिवाजीच्या छातीत बसली. ठकू बाजूला फेकली गेली, भिवाजी दगडी कट्ट्यावर उताणा आदळला आणि त्याच्या हातातला कोयता त्याच्याच मांडीत आतल्या बाजूने घुसला. तिघी तशाच त्या काठीवाल्यांवर वळल्या. एकाच्या बरगडीत आगळ लागली. मग दोघंही पळाले. सख्ख्या चुलतभावाकडे त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मग सगळं शांत झालं. भिवाजीने मांडीतला कोयता स्वतःच उपसून काढला, आणि रक्त उसळ्या मारत बाहेर आलं. लालभडक, नाडीच्या ठोक्यागणिक.

मंजुळा उभी राहून ते बघत होती. ते रक्त काय असतं, ते सालोमीबाईंनी हौसा गेल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. अंगठा कुठे रोवायचा, किती जोराने, तेही. स्वतःच्या जांघेवर शंभर वेळा दाबून बघायला लावलं होतं. सुरुवातीला मंजुळा रोज विचारायची, बाई, हे आधी का नाही शिकवलं. आता सालोमीबाई बेशुद्ध पडल्या होत्या. हुकूम द्यायला कुणी नव्हतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. तिला कुणी बोल लावला नसता. फौजदारही नाही.

ती किती वेळ उभी राहिली हे कुणाला सांगता येत नाही. ठकूआत्या म्हणायची, दहा उसळ्या तरी मी पाहिल्या.

मग मंजुळा खाली बसली. तिने त्याचं धोतर फाडलं, जांघेत दोन्ही अंगठे रोवले आणि सगळं अंग त्यावर टाकलं. उसळ्या थांबल्या.

भिवाजीचं तोंड पांढरं पडलं होतं. "कोण गं तू?"

"मंजुळा."

"मग सोड की," तो म्हणाला. "मरू दे मला."

"न्हाय." तिने अंगठे हलवले नाहीत. "तुझ्या बहिणीनं मला म्हणलं हुतं, चल खाली माझ्यासंगं. तवा मी आले न्हाय. आता आलेय."

एवढंच ती बोलली. एका मुलीने सालोमीबाईंचं कपाळ बांधलं, दुसरी ठकूचा हात बांधून झाल्यावर डॉक्टरांना आणायला जत्रेच्या वाटेने पळत गेली. मंजुळाचे अंगठे बधिर झाले. तेव्हा सालोमीबाईंचं कपाळ बांधून आलेल्या मुलीने आपले अंगठे तिच्या अंगठ्यांवर ठेवले, आणि मंजुळाने आपले अलगद खालून काढले. मग पुन्हा मंजुळा. मोडलेल्या हाताची सुंदरासुद्धा एकदा गुडघा टेकवून बसली. ठकू मात्र भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. "मी न्हाय हात लावणार त्याला," ती म्हणाली. तिला कुणी आग्रह केला नाही.

दिवस कलता कलता डॉक्टरांचा टांगा आला, तोवर भिवाजी जिवंत होता.

त्याचा पाय मांडीपासून काढावा लागला. जखम भरल्यावर त्याला खुर्चीत घालून कोर्टात नेलं. मंजुळाने साक्ष दिली, पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंत, न थांबता. भिवाजीच्या वकिलाने तिला विचारलं म्हणे, "तुला याचा इतका राग होता, तर वाचवलंस कशाला?" ती म्हणाली, "माझं कामच ते हाय." त्याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच मेला. तो दर पंचमीला तुरुंगातून मंजुळाला लुगडं पाठवायचा, असंही काही लोक सांगतात. मावशी हे ऐकलं की मान हलवतात. "तसलं काही न्हाय दादा. ठकूआत्यानं असतं तर सांगितलं असतं."

सालोमीबाईंचा डावा डोळा गेला, पण त्या अकरा वर्षं शिकवत राहिल्या. ठकूला तीन बोटांच्या हाताने सुया धरता येईनात. तिने पागेतली चूल सांभाळली. सालोमीबाईंनंतर मुलींची जबाबदारी मंजुळाकडे आली. तीस वर्षांवर ती इथे राहिली. पुढे जहागीर गेली, दवाखाना सरकारी झाला, मग विद्यापीठ आलं, खोल्या वाढल्या. आठ खाटांच्या दोनशे झाल्या.

आजही पागेच्या फाटकावर एका मुलीचं नाव पुकारलं की असतील तेवढ्या सगळ्या उतरतात. जिचं नाव घेतलं ती कधी पुढे नसते. इतरांच्या मध्ये असते, म्हणजे खालच्याला कोण ती ओळखू येऊ नये. कुणी बोटही दाखवत नाही. ती गर्दीतून आलेल्या माणसाला नीट बघून घेते, आणि मनात आलं तरच बाहेर पाऊल टाकते. पंचमीला भाऊ न्यायला येतात, तेव्हाही हेच. शंभर डोळ्यांपुढे उभं राहून भाऊ ओशाळतो, पटका नाहीतर मोबाइल सारखा करत राहतो. बहीण "येते" म्हणाली, तर बाकीच्या तिच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत जातात आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभ्या राहतात. आणि ती नुसती मागे सरून पुन्हा सगळ्यांत मिसळली, तर त्या भावाला कुणी कारण सांगत नाही. तो परत जातो.